बंद आणि खुल्या भ्रमणध्वनी-परिसंस्था : एका द्वंद्वाची चिकित्सा

१

ॲपलची आयओएस ही बंद परिसंस्था आणि गूगलची ॲण्ड्रॉइड ही खुली परिसंस्था, हे वर्गीकरण आता इतके रूढ झाले आहे की, ते सिद्ध करण्याची गरज कोणासही वाटत नाही. पाठ्यपुस्तकांत ते येते, वृत्तपत्रांत येते, आणि दुकानात भ्रमणध्वनी विकत घेणाऱ्याच्या बोलण्यातही येते. बंद व्यवस्थेकडे शिस्त आणि सुरक्षितता, खुल्या व्यवस्थेकडे स्वातंत्र्य आणि विविधता, असे गुणांचे वाटपही ठरून गेलेले आहे. मग उरतो तो केवळ आवडीनिवडीचा प्रश्न. परंतु एखादे वर्गीकरण पारखून घ्यावयाचे झाल्यास, ज्या घटनांचा उलगडा त्याला करता येत नाही अशा घटना प्रथम समोर ठेवाव्या लागतात. अशी एक घटना गेल्या काही वर्षांत अमेरिकेच्या न्यायालयांत घडली आहे.

१३ ऑगस्ट २०२० रोजी एपिक गेम्स या कंपनीने आपल्या ‘फोर्टनाइट’ या खेळात खेळाडूंकडून थेट पैसे स्वीकारण्याची सोय केली. ॲपल आणि गूगल या दोहोंच्या नियमांचा हा उघड भंग होता. कारण खेळातील डिजिटल वस्तूंची विक्री आपल्याच देयक-व्यवस्थेतून व्हावी आणि तीवर सामान्यतः ३० टक्के कमिशन मिळावे, असा दोघांचाही दंडक होता. त्याच दिवशी दोघांनीही तो खेळ आपापल्या भांडारातून काढून टाकला, आणि त्याच दिवशी एपिकने दोघांवरही दावे दाखल केले. खेळ एक, अपराध एक, शिक्षा एक आणि तक्रारही एकच. निकाल मात्र एकमेकांच्या उलट लागले. ॲपलवरील खटल्यात न्यायाधीश इव्हॉन गोन्झालेझ रॉजर्स यांनी १० सप्टेंबर २०२१ रोजी दहापैकी नऊ मुद्द्यांवर ॲपलच्या बाजूने निकाल दिला. बाहेर स्वस्त दराने खरेदी करता येते ही माहिती ग्राहकास देण्याची विकसकांना असलेली बंदी तेवढी त्यांनी बेकायदा ठरविली. एप्रिल २०२३ मध्ये अपील न्यायालयाने हा निकाल मुख्यतः कायम केला. गूगलवरील खटला ज्युरीपुढे चालला आणि ११ डिसेंबर २०२३ रोजी ज्युरीने एकमताने गूगलला बेकायदा मक्तेदारीबद्दल दोषी ठरविले. ३१ जुलै २०२५ रोजी अपील न्यायालयाने तोही निर्णय कायम ठेवला.

जी व्यवस्था बंद म्हणून सर्वमान्य आहे ती मक्तेदारीच्या आरोपातून सुटली, आणि जी खुली म्हणून सर्वमान्य आहे ती त्याच आरोपात सापडली. या विसंगतीची काही कारणे निव्वळ न्यायालयीन आहेत, हे मान्य केले पाहिजे. एका खटल्यात निर्णय न्यायाधीशांचा होता, दुसऱ्यात ज्युरीचा. एकात भ्रमणध्वनीवरील खेळांच्या व्यवहारांची बाजारपेठ विचारात घेतली गेली, दुसऱ्यात ॲण्ड्रॉइडवरील ॲप-वितरणाची. तथापि या कारणांच्या मुळाशी आणखी एक कारण आहे, आणि तेच प्रस्तुत विवेचनाचा विषय होय. ‘बंद’ आणि ‘खुली’ हे शब्द नियंत्रण कोठे बसले आहे एवढेच सांगतात. नियंत्रण किती आहे आणि ते कोणावर चालते, हे सांगत नाहीत.

२

खुलेपणाचा अर्थ प्रथम मूळ आज्ञावलीच्या संदर्भात रूढ झाला. आज्ञावली वाचण्याची, बदलण्याची आणि पुन्हा वाटण्याची मोकळीक, हा तो अर्थ. ॲण्ड्रॉइडच्या बाबतीत तो खरा आहे. ५ नोव्हेंबर २००७ रोजी चौतीस संस्थांचा ‘ओपन हॅण्डसेट अलायन्स’ हा संघ जाहीर झाला, आणि पुढे या कार्यप्रणालीचा बहुतांश भाग अपाचे परवान्याखाली सर्वांस उपलब्ध झाला. कोणासही ती घेऊन स्वतःचा संच बनविता येतो. ॲमेझॉनने २०११ मध्ये आपल्या फायर टॅबलेटसाठी तसे केलेही.

परंतु ग्राहक ज्यास ॲण्ड्रॉइड म्हणून ओळखतो ती वस्तू केवळ या आज्ञावलीची बनलेली नसते. प्ले स्टोअर हे भांडार, नकाशे, ठिकाण दाखविणारी सेवा, सूचना पोचविणारी यंत्रणा ही सर्व गूगलच्या मालकीची आणि परवान्याने मिळणारी आहेत. २०१२ नंतर ‘प्ले सर्व्हिसेस’ या बंदिस्त थराकडे एकेक काम सोपविले जाऊ लागले. त्यामुळे खुली आज्ञावली आणि चालता संच यांमधील अंतर वाढत गेले. प्ले स्टोअर हवे असेल तर उत्पादकाने गूगलचे शोधयंत्र आणि क्रोम हा न्याहाळक संचात आधीपासून बसविला पाहिजे, आणि ॲण्ड्रॉइडच्या अमान्य आवृत्तीवर चालणारा एकही संच विकता कामा नये, अशा आशयाचे करार उत्पादकांशी झालेले होते. याच करारांसाठी १८ जुलै २०१८ रोजी युरोपीय आयोगाने गूगलला ४३४ कोटी युरो दंड केला. २०२२ मध्ये युरोपीय न्यायालयाने तो ४१२.५ कोटींवर आणला, परंतु निर्णयाचा गाभा कायम ठेवला.

या करारांचा परिणाम कागदोपत्री राहिला नाही. सप्टेंबर २०१२ मध्ये एसर ही कंपनी चीनमध्ये अलीबाबाच्या अलियुन या कार्यप्रणालीवरील संच प्रकाशित करणार होती. अलियुन ही ॲण्ड्रॉइडची अमान्य आवृत्ती आहे आणि संघाच्या सदस्यास ती विकता येणार नाही, अशी भूमिका गूगलने घेतली; एसरने प्रकाशनसमारंभ रद्द केला. पुढे २०१९ मध्ये अमेरिकन सरकारने हुआवेवर निर्बंध घातले, तेव्हा कारण सर्वस्वी निराळे असूनही हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने स्पष्ट झाली. मूळ आज्ञावली वापरण्याचा हुआवेचा हक्क कोणीही हिरावून घेतला नव्हता. गूगलच्या सेवा मात्र नव्या संचांत बसविता येईनात. चीनबाहेर त्या संचांची मागणी कोसळली. आज्ञावली हाती होती, परंतु जी पेठ त्या आज्ञावलीभोवती वसली होती तीत प्रवेश नव्हता.

यावरून दिसते की, ‘खुली’ हे विशेषण एकटे वापरले तर अपुरे पडते. ते कोणाच्या संबंधात वापरले आहे, हे सांगावे लागते. अपाचे परवान्याने दिलेले स्वातंत्र्य मुख्यतः उत्पादकाचे होते. ते कराराने त्याच्याकडून बऱ्याच अंशी परत घेतले गेले. विकसकाला मिळालेले स्वातंत्र्य वेगळे आणि ग्राहकाला मिळालेले आणखी वेगळे. ॲपलने यांपैकी कोणासही असे वचन दिले नव्हते. तिने आपली कार्यप्रणाली दुसऱ्या उत्पादकास विकली नाही, म्हणून कोणाशी तसा करारही करावा लागला नाही. तिची वेस तिच्या वास्तूचाच भाग होती. गूगलची वेस करारांनी उभारलेली होती. कायद्याला करार वाचता येतात. वस्तूची घडणच अपराध आहे, असे म्हणणे त्याला फार अवघड जाते. एपिकच्या दोन निकालांमधील विसंगतीचा बराच मोठा भाग येथे उलगडतो.

३

विकसकाच्या बाजूने पाहू गेल्यास या दोन्ही व्यवस्थांचे साम्य त्यांच्या भेदाहून अधिक ठळक होते. आयफोन २००७ मध्ये आला तेव्हा त्यावर बाहेरच्या विकसकांना ॲप बसविण्याची सोयच नव्हती. १० जुलै २००८ रोजी सुमारे पाचशे ॲपांनिशी ॲपलचे भांडार उघडले. विक्रीचे ७० टक्के विकसकास आणि ३० टक्के ॲपलला, अशी वाटणी ठरली. त्यावेळी ही वाटणी अन्यायाची वाटली नाही. दूरध्वनी कंपन्यांच्या दारांत ताटकळणाऱ्या लहान विकसकास जगभरचा ग्राहक एका ठिकाणी मिळत होता. गूगलचे भांडार त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सुरू झाले आणि पुढे त्यानेही तीच वाटणी स्वीकारली.

महाराष्ट्राच्या इतिहासाशी परिचित असलेल्या वाचकास येथे पेठ वसविण्याच्या जुन्या पद्धतीचे स्मरण होईल. नवी पेठ वसवावयाची तर उदमी लोकांना कौल देऊन बोलावीत. काही वर्षे कर माफ असे किंवा हलका असे. पेठ भरली आणि कौलाची मुदत सरली की हक्क आणि जकाती सुरू होत. शेटे-महाजनांचे वतनी हक्क त्यांत असत. पेठ वसविणाऱ्याने जागा, बंदोबस्त आणि गिऱ्हाईक आणले, तेव्हा त्याचा काही हक्क आहे, हे उदम्यालाही मान्य असे. ॲपल आणि गूगल यांच्या कमिशनाचे समर्थन याच स्वरूपाचे आहे, आणि ते निराधार नाही. परंतु ही तुलना एका ठिकाणी थांबते. जाचक पेठ सोडून उदमी दुसऱ्या पेठेत गेला तर गिऱ्हाईक तेथेही पायी जाऊ शकत असे. येथे गिऱ्हाईकच पेठेला बांधलेले आहे. आयफोनधारक ग्राहक केवळ एका ॲपसाठी संच बदलीत नाही. म्हणून विकसकाला दोन्ही पेठांत दुकान मांडावे लागते आणि दोन्हीकडचा हक्क भरावा लागतो. दोन पेठा असूनही त्याच्या दृष्टीने स्पर्धा होत नाही. २०२१ मध्ये दोघांनीही लहान विकसकांसाठी वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंतच्या उत्पन्नावर दर १५ टक्के केला. परंतु तो ही जागा सोडून जाणाऱ्यांच्या भीतीने उतरला, असे म्हणता येत नाही. खटले आणि सरकारी चौकश्या सुरू झाल्यावर तो उतरला.

कमिशनाहून गंभीर प्रश्न निर्णयाच्या रीतीचा आहे. मे २००९ मध्ये ‘युकॅलिप्टस’ नावाचे, प्रोजेक्ट गुटेनबर्गच्या मुक्त ग्रंथसंग्रहातील पुस्तके वाचण्याचे ॲप ॲपलने नाकारले. कारण असे की, त्यातून शोध घेतल्यास वात्स्यायनाच्या कामसूत्राचे जुने इंग्रजी भाषांतर वाचावयास मिळत होते. तेच भाषांतर ॲपलच्या स्वतःच्या न्याहाळकातून कोणालाही वाचता येत होते. गाजावाजा झाला, आणि काही दिवसांतच नकार मागे घेण्यात आला. व्यंगचित्रकार मार्क फिओरे यांचे ॲप सार्वजनिक व्यक्तींची टिंगल करते या कारणावरून नाकारले गेले. एप्रिल २०१० मध्ये त्यांना पुलित्झर पारितोषिक मिळाले आणि त्यानंतर ते ॲप स्वीकारले गेले. या दोन्ही प्रकरणांचा शेवट गोड झाला, यात समाधान मानण्यासारखे थोडेच आहे. ज्याला पारितोषिक मिळत नाही आणि ज्याची बातमी होत नाही, त्याच्या नकाराचे काय झाले, हा प्रश्न उरतोच. विशेष असे की, ॲप-परीक्षणाचे नियम ॲपलने प्रथम प्रसिद्ध केले ते सप्टेंबर २०१० मध्ये. भांडार उघडल्यापासून दोन वर्षे विकसक जे नियम पाळत होते ते त्यांना वाचावयास मिळालेले नव्हते.

ॲण्ड्रॉइडवर भांडाराबाहेरून ॲप बसविण्याची वाट आरंभापासून आहे, आणि हा भेद खरा आहे, तो हलका लेखण्याचे कारण नाही. २०१० पासून चालत आलेले एफ-ड्रॉइड हे मुक्त आज्ञावलींचे भांडार त्याच वाटेवर उभे आहे. परंतु या वाटेवर इशाऱ्यांचे इतके फलक लावलेले आहेत की, सामान्य ग्राहक तीवर पाऊल टाकीत नाही. स्वतः एपिकनेही २०१८ मध्ये ‘फोर्टनाइट’ प्ले स्टोअरबाहेरून वाटण्याचा प्रयत्न केला होता. एप्रिल २०२० मध्ये तो सोडून ती कंपनी प्ले स्टोअरमध्ये आली. ज्या कंपनीपाशी पैसा आणि कोट्यवधी खेळाडू होते तिला जी वाट पेलली नाही, ती पुण्यातील किंवा नागपुरातील दोघा-तिघांच्या उद्योगाला पेलेल, अशी अपेक्षा करणे व्यर्थ होय.

४

ग्राहकाच्या बाजूने मांडणी करताना खुलेपणाचे पुरस्कर्ते बहुधा एक गोष्ट टाळतात. नियंत्रण विखुरले की जबाबदारीही विखुरते. जुलै २०१५ मध्ये ‘स्टेजफ्राइट’ या नावाने ओळखला गेलेला ॲण्ड्रॉइडमधील दोष उघड झाला. त्याने सुमारे ९५ कोटी संच बाधित होऊ शकतात, असा अंदाज तेव्हा वर्तविण्यात आला. गूगलने दुरुस्ती केली. पण ती संचापर्यंत पोचविणे उत्पादकाच्या हाती, आणि अनेक ठिकाणी दूरध्वनी कंपनीच्याही हाती होते. असंख्य स्वस्त संचांपर्यंत ती कधीच पोचली नाही. उलट २०१३ च्या आयफोन ५एस या संचाला जानेवारी २०२३ मध्येही सुरक्षेची दुरुस्ती मिळाली. एप्रिल २०२१ मध्ये ॲपलने, ग्राहकाचा माग काढावयाचा असेल तर त्याची संमती विचारलीच पाहिजे, असा नियम एका फटक्यात सर्व ॲपांना लागू केला. त्यामुळे २०२२ मध्ये आपले सुमारे एक हजार कोटी डॉलरांचे उत्पन्न बुडेल, असा अंदाज मेटा कंपनीने दिला. एकहाती सत्तेचा हा उपयोग ग्राहकाच्या हिताचा होता, हे निःसंशय होय.

भारतातील अनुभव याहून कटू आहे. झटपट कर्ज देणाऱ्या ॲपांचा सुळसुळाट झाला तेव्हा रिझर्व्ह बँकेने कार्यगट नेमला. त्याच्या नोव्हेंबर २०२१ च्या अहवालानुसार, त्या वर्षीच्या जानेवारी-फेब्रुवारीत भारतीय ॲण्ड्रॉइडधारकांना ऐंशीहून अधिक भांडारांतून सुमारे ११०० कर्ज-ॲपे उपलब्ध होती, आणि त्यांपैकी सुमारे ६०० बेकायदा होती. कर्जदाराच्या संचातील संपर्कयादी हस्तगत करून नातलगांपुढे त्याची बेअब्रू करणे, ही यांतील अनेकांची वसुलीची रीत होती. ज्यांना हे भोगावे लागले त्यांच्यापुढे खुलेपणाचे गुणगान करणे अवघड आहे.

परंतु यावरून बंद व्यवस्था सुरक्षित ठरते, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. २०१५ मध्ये ‘एक्सकोडघोस्ट’ या दूषित साधनाने बनविलेली ॲपे ॲपलच्या परीक्षणातून सहीसलामत पार पडून भांडारात पोचली होती. २०१६ मध्ये उघडकीस आलेल्या पेगासस या हेरगिरीच्या आज्ञावलीने आयफोनचेच कवच भेदले होते. शिवाय एकच वेस असली की, तिच्यावर दाब आणणाऱ्यालाही एकाच ठिकाणी जावे लागते. डिसेंबर २०१६ मध्ये चिनी अधिकाऱ्यांच्या मागणीवरून न्यूयॉर्क टाइम्सचे ॲप ॲपलच्या चीनमधील भांडारातून काढले गेले. जुलै २०१७ मध्ये निर्बंध टाळून जाण्यासाठी वापरली जाणारी व्हीपीएन ॲपेही गेली. ज्या कुलपामुळे चोर बाहेर राहतो त्याच कुलपामुळे घरातला माणूस आत अडकतो. किल्ली कोणाच्या कमरेला आहे, यावर सारे अवलंबून असते. ग्राहकाचे हित साधणारे नियंत्रण आणि ग्राहकाच्या विरुद्ध वापरले जाणारे नियंत्रण यांचे यंत्र एकच आहे. त्यामुळे त्या यंत्राच्या चांगल्या उपयोगाची उदाहरणे देऊन त्याच्या स्वरूपाचे समर्थन होत नाही.

५

मराठी भाषकाच्या दृष्टीने या वादाचा एक लहानसा, पण बोलका पुरावा भाषेच्याच क्षेत्रात सापडतो. २००९ मधील ॲण्ड्रॉइड १.५ पासून बाहेरच्या विकसकाने बनविलेला कळफलक संचात बसविता येऊ लागला. आयफोनवर ही मुभा २०१४ मध्ये, आयओएस ८ बरोबर मिळाली. मधल्या पाच वर्षांत आयफोनसाठी मराठीचा अधिक सोयीचा कळफलक बनविण्याचे कौशल्य कोणापाशी कितीही असले, तरी त्याला तो संचभर वापरता येईल असा देण्याचा हक्कच नव्हता. कोणत्या भाषेची पाळी केव्हा, हे कॅलिफोर्नियात ठरत होते. येथे खुलेपणाचा लाभ निर्विवाद आहे.

परंतु याच काळातील दुसरी बाजूही विसरता येत नाही. ॲण्ड्रॉइडच्या आरंभीच्या आवृत्त्यांत देवनागरी नीट उमटत नसे. अनेक संचांवर अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसत. आज्ञावली खुली होती, ती दुरुस्त करू शकणारे लोकही होते. पण ज्याच्या हाती संच होता त्याला त्यात देवनागरीचा टंक बसविता येत नव्हता, कारण उत्पादकाने संचाला कुलूप घातलेले होते. ऑपेरा मिनी या न्याहाळकात अक्षरांची चित्रे करून दाखविण्याची एक आडवळणाची सोय होती. तिचा आधार घेऊन लोक मराठी मजकूर वाचीत. २०१४ मध्ये ॲण्ड्रॉइड ५.० बरोबर संचाची स्वतःची भाषा म्हणून मराठी आली. तोही निर्णय गूगलचाच होता. खुल्या परवान्याने उत्पादकास मोकळे केले होते. संचधारकाला ती मोकळीक पोचली नव्हती. कोणासाठी खुले, हा प्रश्न किती मूलभूत आहे हे या चौकोनांनी दाखविले.

बाजाराच्या पातळीवर हाच प्रश्न भारतीय स्पर्धा आयोगापुढे आला. २० ऑक्टोबर २०२२ रोजी आयोगाने उत्पादकांवरील करारांबद्दल गूगलला १,३३७.७६ कोटी रुपये, आणि २५ ऑक्टोबर रोजी प्ले स्टोअरवरील देयक-सक्तीबद्दल ९३६.४४ कोटी रुपये दंड केला. २९ मार्च २०२३ रोजी अपील न्यायाधिकरणाने पहिला दंड कायम ठेवला, पण आयोगाचे चार आदेश रद्द केले. इतर ॲप-भांडारांना प्ले स्टोअरमधून वितरणाची मुभा द्यावी, हा त्यांपैकी एक होता. दुसरा दंड मार्च २०२५ मध्ये २१६.६९ कोटींवर आला. दंडाच्या रकमांकडे सर्वांचे लक्ष गेले. परंतु दूरगामी महत्त्व त्या रद्द झालेल्या आदेशाचे आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये फोनपेने ‘इंडस ॲपस्टोअर’ हे मराठीसह बारा भारतीय भाषांत चालणारे भांडार सुरू केले. प्ले स्टोअरमध्ये त्याला जागा नाही. म्हणून उत्पादकाने ते आधीच बसवून द्यावे, किंवा ग्राहकाने इशाऱ्यांचे फलक ओलांडून ते स्वतः बसवावे, एवढ्या दोनच वाटा त्यापुढे होत्या. लगेच पुढच्या महिन्यात, १ मार्च २०२४ रोजी, शुल्काच्या वादावरून गूगलने नोकरी, शादी यांसारख्या घरोघरी माहीत असलेल्या भारतीय सेवांची ॲपे प्ले स्टोअरमधून काढली; सरकारने हस्तक्षेप केल्यावर ती थोड्याच दिवसांत परत आली. ज्यांच्यासाठी सरकार मध्ये पडते त्यांचे निभावते. कुंपण खुल्या रानाचे म्हणून ओळखले जात होते, तरी शेत कोणाचे हे त्या दिवशी कळून आले.

६

अलीकडच्या घडामोडी पाहता ही दोन टोके एकमेकांकडे सरकू लागली आहेत. युरोपीय संघाच्या डिजिटल बाजारपेठ कायद्याची बंधने ७ मार्च २०२४ पासून लागू झाली आणि ॲपलला तेथे इतर भांडारांना वाट द्यावी लागली. मात्र त्या भांडारांतील प्रत्येक ॲपवर ॲपलची तपासणीची मोहोर आवश्यक ठेवण्यात आली. दहा लाखांपुढील प्रत्येक पहिल्या वार्षिक स्थापनेस अर्धा युरो शुल्कही प्रथम ठरविण्यात आले. अमेरिकेत बाहेरच्या खरेदीस वाट देण्याचा आदेश झाल्यावर ॲपलने त्या खरेदीवरही २७ टक्क्यांपर्यंत कमिशन आकारले. एप्रिल २०२५ मध्ये न्यायाधीश रॉजर्स यांनी हा आदेशाचा अवमान ठरविला. इकडे गूगलने मार्च २०२५ मध्ये ॲण्ड्रॉइडचे विकसन आपल्या अंतर्गत शाखेत नेऊन आज्ञावली तयार झाल्यावरच प्रसिद्ध करण्याचे ठरविले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिने जाहीर केले की, सप्टेंबर २०२६ पासून प्रथम ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंड येथे, प्रमाणित संचांवर भांडाराबाहेरून येणाऱ्या ॲपच्या विकसकानेही गूगलकडे आपली ओळख पटविली पाहिजे. फसवणुकीला आळा हे त्याचे कारण देण्यात आले, आणि कर्ज-ॲपांचा अनुभव लक्षात घेता ते पोकळ नाही. एफ-ड्रॉइडसारख्या भांडारांनी त्यास विरोध केल्यावर जाणत्या ग्राहकांसाठी निराळी वाट ठेवण्याचे आश्वासन नोव्हेंबर २०२५ मध्ये देण्यात आले. बंद वाड्याला खिडक्या पडत आहेत आणि खुल्या माळावर चौक्या बसत आहेत. अशा वेळी ‘बंद’ व ‘खुली’ या दोन खणांत वस्तुस्थिती कोंबण्याचा आग्रह धरण्यात अर्थ राहत नाही.

त्याऐवजी कोणत्याही परिसंस्थेस तीन प्रश्न विचारले पाहिजेत, आणि ते उत्पादक, विकसक व ग्राहक या तिघांच्या वतीने स्वतंत्रपणे विचारले पाहिजेत. पहिला प्रश्न, नियम आधी कळतो काय? दुसरा, निर्णयाविरुद्ध दाद मागता येते काय, आणि जो पेठेत स्वतः दुकान मांडून बसला आहे तोच न्यायनिवाडा करीत नाही ना? तिसरा, आणि सर्वांत निर्णायक, सोडून जाण्याची किंमत किती? या कसोटीवर आयओएस पहिल्या प्रश्नात सुधारली, पण दुसऱ्यात आणि तिसऱ्यात कमी पडते. ॲण्ड्रॉइड तिसऱ्या प्रश्नात कागदावर वरचढ दिसते. तथापि ज्याला सोडून जावयाचे आहे त्याचा ग्राहक मागे राहतो, आणि विकसकाला ग्राहकावाचून जाण्यात काही अर्थ नसतो.

या कसोटीवरही आक्षेप घेता येईल. सोडून जाण्याची किंमत शून्य करावयाची तर सुरक्षेची भिंतही पडेल, असे ॲपलचे वकील म्हणतील, आणि ते अगदीच चूक नाही. परंतु किंमत शून्य असावी, असे येथे प्रतिपादन नाही. ती कोणी, कोणाच्या हितासाठी आणि कोणासमोर उत्तरदायी राहून ठरविली, एवढाच प्रश्न आहे. विकसकाची ओळख पटविणे आवश्यकच असेल, तर ते काम त्याच्याशी स्पर्धा न करणाऱ्या आणि ज्याच्या निर्णयावर अपील करता येते अशा संस्थेकडे सोपविता येणार नाही काय, याचा विचार झाला पाहिजे. बँकांचे परवाने बँकाच एकमेकींना देत नाहीत.

भारतात या विचाराची निकड अधिक आहे. येथील बहुसंख्य संच ॲण्ड्रॉइडचे आहेत. त्यामुळे दोन परिसंस्थांमध्ये निवड करण्याचा प्रश्न बहुतेक ग्राहकांपुढे उभाच राहत नाही. त्यांच्यापुढे असलेले दार खुले म्हणूनच ओळखले जाते. बंद दार बंद दिसते, म्हणून त्याविरुद्ध तक्रार करता येते. जे दार खुले म्हणून नावाजले आहे त्याची चौकशी करण्याचे कोणाच्या मनात येत नाही. अमेरिकेतील ज्युरीपुढे गूगलचे करार आणि अंतर्गत पत्रव्यवहार उघडे पडले तेव्हाच त्या दाराचे खरे स्वरूप दिसले. म्हणून या विषयाच्या अभ्यासकाने संचांच्या गुणदोषांची तुलना बाजूला ठेवून करार, शुल्कपत्रके, नकारपत्रे आणि न्यायनिर्णय वाचावयास घेतले पाहिजेत. परिसंस्था कोणासाठी खुली आहे, याचे उत्तर तेथे लिहिलेले असते.